नमुन्याचा डबा

मंगळवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी लामासुकू अंगणात बसून लाल माती चाळत होती. समोर दोन पाट्या होत्या, एक उघडी आणि दुसरीवर पोतं टाकलेलं. दोन्हींतली भुकटी ती घमेल्यात घेई, हाताने कालवी आणि मूठमूठ वर्तमानपत्राच्या पुडीत बांधी. पाच वाजेपर्यंत बारा पुड्या झाल्या. मग तिने हात धुतले. त्या हातांना धुण्याने काही होत नाही, मनगटापर्यंत ते कायमचे तांबडे आहेत. मान्झिनी शहराला जाणाऱ्या कोंबीत, त्या छोट्या प्रवासी गाडीत, तिच्या शेजारी बसणारे आपली पिशवी मांडीवर घेऊन बसतात. कंडक्टर रोज एकच विचारतो, “आजी, आज कोणाकोणाची लग्नं लावणार?”

या मातीला लिबोवू म्हणतात. लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची बाई ती चरबीत कालवून नवरीला फासते. अंगावरून ती आठवड्याभरात निघून जाते. लग्न मात्र निघत नाही. नवरा मेला, बाई माहेरी परतली, दुसऱ्या मुलखात जाऊन राहिली, तरी जिथली माती लागली तिथली ती.

लामासुकू अठ्ठावन्न वर्षांची आहे. मासुकूंची लेक म्हणून लामासुकू. इथे सासरी जन्म गेला तरी बाईला हाक बापाच्या कुळाने मारतात. तिला स्वतःला माती लागली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. जुलैतली पहाट, गुरांचा गोठा, कमरेला काळं कातडं, वर काही नाही, हातात भाला. रिवाजाप्रमाणे ती रडत रडत गाणं म्हणत होती. या गाण्यात नवरी भावांना हाका मारते की या, मला इथून सोडवा. भाऊ गोठ्याबाहेर उभे राहतात आणि रिवाजाप्रमाणेच येत नाहीत. तिचा धाकटा भाऊ जाभाने तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला रिवाज कोणी नीट सांगितला नव्हता. तो काठी घेऊन खरोखरच आत घुसला. दोन काकांनी धरून त्याला बाहेर काढलं. ही गोष्ट लामासुकू जवळजवळ चाळीस वर्षं हसत सांगत आली. आता सांगत नाही.

नवरा सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत होता. धुळीने भरलेली फुप्फुसं घेऊन परत आला आणि चार पावसाळ्यांत गेला. सासूने तिला सिद्वाबा करायला शिकवलं होतं, त्यावर तिने घर चालवलं. सिद्वाबा म्हणजे नवरीचा कातडी घागरा. गाईचं कातडं खरवडायचं, तुडवायचं, चरबी आणि कोळसा चोळून काळं करायचं, मग चुण्या घालायच्या. एकाला सहा आठवडे लागतात. तयार घागरा पाच किलोंचा भरतो आणि त्याला जो वास असतो तो बाईला आयुष्यभर ओळखता येतो. मान्झिनीच्या बाजारात वरच्या रांगेत तिचं दुकान आहे. तिथे हे घागरे, छातीवर बांधायची बकऱ्याची कातडी, घोट्यावरचे खुळखुळे, डोक्यात खोवायची साकाबुला पक्ष्याची लांब काळी पिसं असं नवरीला लागणारं सगळं टांगलेलं असतं. खाली फळीवर मातीच्या पुड्या आणि त्यांच्यापुढे एक उघडा पत्र्याचा डबा. गिऱ्हाइकाने चिमूट उचलून रंग बघावा म्हणून. नमुन्याचा डबा.

त्या मंगळवारी जे घडलं ते या डब्यावरून घडलं.

दुकानात तिच्या मदतीला तेंगेतिले असते, जाभानेची मुलगी, बावीस वर्षांची. सकाळी दुकान, दुपारनंतर ती ट्रक चालवायला शिकते. उसाच्या हंगामात कारखान्याला चालक लागतात आणि तिला तो मोठा, दोन ट्रॉल्यांचा ट्रक चालवायचा आहे. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा ट्रक मागे घेताना नापास झाली होती. दुसरी तारीख मिळालेली होती.

तिच्यामागे फान्याना ग्वेबू लागला होता. वय त्रेचाळीस, तीन कोंब्यांचा मालक. दोनदा विचारून झालं होतं. पहिल्यांदा तिने नाही म्हटलं. दुसऱ्यांदा त्याने स्टँडवर चारचौघांत विचारलं, तर ती म्हणाली, “तुमच्या कोंब्यांना आधी ब्रेक बसवा, मग बघू.” चारचौघं हसले. त्याने ते हसणं मोजून ठेवलं असावं.

दहा चाळीसला लामासुकू पिसांची मोळी उतरवून घ्यायला स्टँडवर गेली. वीस मिनिटांचं काम होतं. तेवढ्यात फान्यानाची आत्या दुकानात आली. तीही ग्वेबूंचीच लेक, म्हणून लाग्वेबू. सोबत दोन बायका आणि दीड वर्षाचं एक मूल. तेंगेतिले तिला ओळखत नव्हती.

“पोरी, आमच्या घरी लग्न आहे,” लाग्वेबू म्हणाली. “नवरी अगदी तुझ्या अंगलटीची. हा घागरा जरा नेसून दाखवतेस? चुण्या कशा पडतात बघू दे.”

गिऱ्हाइकाला नेसून दाखवणं हे तेंगेतिलेचं रोजचं काम. तिने जीनवरच घागरा गुंडाळला.

“छान पडतो. बस बघू जरा, बसल्यावर उकलत नाही ना? आणि हे लेकरू धर क्षणभर, माझी कंबर गेलीय.”

ती स्टुलावर बसली. मूल मांडीवर आलं.

“माती कशी आहे? रंग धरते की नुसतीच उडते?”

लाग्वेबूने डब्यात दोन बोटं बुडवली आणि तेंगेतिलेच्या कपाळावरून, मग दोन्ही गालांवरून ओढली. तिसरं बोट मुलाच्या कपाळाला लावलं. मग तिने मान मागे टाकून जीभ हलवत लग्नातली आरोळी दिली. सोबतच्या दोघींनी ती उचलली, आणि समोरच्या रांगेतल्या भाजीवाल्या बायकांनी काही न कळता साथ दिली. आनंदाची आरोळी ऐकली की साथ द्यायची असते.

भुकटी डोळ्यांत गेली होती. तेंगेतिलेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“बघा, रडतेय,” लाग्वेबू म्हणाली. “कातडं नेसली, लेकरू मांडीवर, माती लागली, रडली. आता गप्प बस बाळ. नवरी बोलत नसते.”

ज्यांना हे लबाडीचं वाटणार नाही त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लग्नाच्या विधीतला एकेक तुकडा त्या बाईने गिऱ्हाइकाच्या मागणीसारखा मागून घेतला होता. मुलीने प्रत्येक वेळी हो म्हटलं होतं. फक्त कशाला हो म्हणतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

लामासुकू पिसं डोक्यावर घेऊन परतली तेव्हा रांगेच्या तोंडाशीच कांदेवाली म्हणाली, “तुझ्या भाचीचं लग्न झालं. तुझ्याच दुकानात. तुला आमंत्रण नव्हतं?”

लाग्वेबू अजून तिथेच होती. तिने हात पुढे केला. “या विहीणबाई.”

“विहीण कोणाला म्हणतेस?”

“जिच्या कातड्यात आणि जिच्या मातीत आमची सून झाली, तिला.”

लामासुकूने भाचीचं तोंड पदराने पुसायला घेतलं. मग हात आवरला आणि तिचा वरचा शर्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. गालावरची भुकटी त्या शर्टवर सांडली होती. त्या क्षणी तिने असं का केलं ते तिला विचारलं तर ती म्हणते, “माती माझी. मला माहीत होतं ती काय आहे.” त्या वेळी मात्र ती लाग्वेबूला एवढंच म्हणाली, “जा इथून. मुलाला आधी दूध पाज, उपाशी दिसतंय.”

फान्याना बाहेर गाडीत बसलेला होता. त्याने इंजिन बंदसुद्धा केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी जाभानेच्या फाटकाशी दोन गाई येऊन उभ्या राहिल्या. एक कबरी, एक पाठीवर पांढरा पट्टा असलेली. देजाची, म्हणजे मुलीबद्दल बापाला द्यायच्या गुरांची, सुरुवात. हाकणाऱ्याने सांगितलं, बाकीच्या मागून येतील. मुलीच्या बापाला गाई नको असतील तर करायचं एकच काम असतं. त्या लगेच, त्याच वाटेने परत हाकायच्या.

लामासुकू भावाकडे पोचली तेव्हा गाई फाटकाच्या आत होत्या.

“परत हाक त्यांना.”

“अंधार पडतोय, ताई. सकाळी बघू.”

सकाळी ती पुन्हा गेली. गाई गोठ्यात होत्या, तोंडं ओली.

“पाणी पाजलंस?”

“मुकं जनावर आहे. तहानलेलं कसं ठेवायचं?”

“गाईंची तहान दिसली तुला.”

जाभाने टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत राहिला. “हे बघ, तो काही वाईट माणूस नाही. तीन गाड्या आहेत. ट्रक चालवण्यापेक्षा बरं. आणि माती लागलीय, ताई. मी काय लावली? आता लोक काय म्हणतील, मासुकूंनी नवरी परत घेतली?”

“चौदाव्या वर्षी काठी घेऊन गोठ्यात घुसला होतास.”

“तेव्हा मला कळत नव्हतं.”

“हो,” लामासुकू म्हणाली. “तेव्हा बरा होतास.”

तेंगेतिले चुलीपाशी बसून आंबील ढवळत होती. आत्याला म्हणाली, “परीक्षेचा फॉर्म दुकानात राहिलाय. फळीखाली. ओला होऊ देऊ नका.”

शनिवारी गावप्रमुखाच्या आवारात पंचायत बसली. बोलावणं आठचं होतं, सुरुवात नऊ चाळीसला झाली. प्रमुखाचा कारभारी मागागुला मध्ये, चार म्हातारे त्याच्या दोन बाजूंना बाकावर. बायका चटयांवर, पाय एका बाजूला दुमडून. फान्याना आला नव्हता. त्याचा धंद्याचा दिवस होता.

मुलीच्या बाजूने बापाने बोलायचं असतं. जाभाने उभा राहिला, खोकला, म्हणाला, “जे पंच ठरवतील ते,” आणि बसला. एवढं बोलायला त्याने नवा शर्ट घातला होता.

मग मागागुलाने मुद्दे घेतले. घागरा नेसली होती का? नेसली होती. घरचं मूल मांडीवर होतं का? होतं. माती नवऱ्याच्या आत्याने लावली का? लावली, बाजार साक्षीला आहे. प्रत्येक होकारागणिक तो काठीचं टोक जमिनीवर टेकवत होता. मग त्याने तेंगेतिलेकडे पाहिलं.

“मुली, तू रडलीस का?”

“डोळ्यांत धूळ गेली.”

“पण पाणी आलं.”

“आलं.”

काठी चौथ्यांदा टेकली.

लामासुकूने बोलायची परवानगी मागितली. मिळाली. “भाला कुठे होता?” ती म्हणाली. “गोठा कुठे होता? पहाट कुठे होती? पावणेअकराला, कोबीच्या ढिगासमोर कोणाचं लग्न लागतं? माती चरबीत कालवतात, ही कोरडी होती. आमच्या माणसांना कळवलं कोणी?”

लाग्वेबू या प्रश्नांची वाट बघत असल्यासारखी उठली. “कारभारी, आता या बाई आम्हाला रिवाज शिकवतात. मागच्या वर्षी आमच्या शेजारची माणसं यांच्याकडे गेली होती. शहरातला हॉल घेतलाय, गोठा नाही, कसं करायचं म्हणून विचारलं. यांनी सांगितलं, हॉलमागचं पार्किंग चालतं. विचारा. भाला नव्हता, तर म्हणाल्या, झेंड्याची काठी घ्या. नवरीच्या केसांत बकऱ्याच्या पित्ताची फुगवलेली पिशवी खोवतात, ती मिळेना, तर यांनी फुगा विकला. पिवळा फुगा. समारंभाच्या मधोमध फुटला.”

चटयांवर हशा पिकला. म्हाताऱ्यांपैकी एकाने तोंडावर हात धरला.

“पैसे येत असले की पार्किंग चालतं,” लाग्वेबू म्हणाली. “स्वतःच्या भाचीची वेळ आली की गोठा पाहिजे.”

हे खरं होतं, आणि लामासुकूने ते नाकारलं नाही. रिवाज सैल करून विकणाऱ्यांत ती बाजारात पहिली होती. फुगा तिचीच युक्ती.

मागागुला म्हणाला, “काळ बदलतो. पार्किंगमधलं लग्न आपण मान्य केलंय. मग बाजारातलं का नको, याला माझ्याकडे उत्तर नाही. खूण मातीची. ती लागली आहे.” काठी पाचव्यांदा उचलली गेली.

“माती लागलेली नाही,” लामासुकू म्हणाली.

“आत्ता तर—”

“डब्यात माती नव्हती. वीट होती.”

“कसली वीट?”

“भाजलेली. स्टँडमागे एक जुनं दुकान पाडलं, त्याच्या भिंतीची. मी कुटते, चाळते. नमुन्याच्या डब्यात पूर्ण वीटच असते, लोक उगाच चिमटे घेऊन वाया घालवतात म्हणून.”

“आणि पुड्यांत?”

इथे तिला थांबता आलं असतं. पुड्यांत शुद्ध माती, एवढं म्हटलं असतं तर भाचीही सुटली असती आणि दुकानही राहिलं असतं. पण पुढचा प्रश्न कधीतरी आलाच असता, कोणीतरी एक पुडी पाण्यात टाकून पाहिली असती, आणि मग डब्याबद्दलचंही कोणी खरं मानलं नसतं.

“पुड्यांत अर्धी,” ती म्हणाली. “तीन वर्षं झाली. डोंगरातला आमचा खड्डा पावसात बुजला तेव्हापासून. दुसरा खड्डा तीन तासांच्या चालीवर आहे.”

लाग्वेबू म्हणाली, “भाचीला वाचवायला खोटं बोलतेय.”

लामासुकूने पिशवीतून शर्ट काढला आणि पंचांसमोर एकदा झटकला. भुकटी उडाली, शर्टवर डाग राहिला नाही. मग तिने आपल्या कनवटीचा चांगल्या लिबोवूचा एक खडा काढला. मागागुलाच्या बायकोने पांढरी चिनी मातीची बशी आणि चरबीची वाटी आणून दिली. बशीच्या एका बाजूला पिशवीत उरलेली भुकटी चरबीत कालवली, दुसऱ्या बाजूला खडा घासला. दोन्ही फडक्याने पुसलं. एक बाजू स्वच्छ झाली. दुसरी आजही तांबडी आहे. ती बशी मागागुलाच्या घरी कोणी वापरत नाही.

बशी परत घेताना त्याची बायको तिथेच उभी राहिली. “आमच्या सुनेला जूनमध्ये लावलेली पुडी,” ती म्हणाली, “तुझ्याच दुकानातली ना?”

“होय, वहिनी.”

“म्हणजे आमची सून अर्धी?”

आता पंचांची खरी अडचण सुरू झाली. विटेने लग्न होत नाही म्हणावं, तर तीन वर्षांतल्या सगळ्या नवऱ्या निम्म्या ठरतात, कारभाऱ्याच्या सुनेसकट. विटेनेही लग्न होतं म्हणावं, तर मग लिबोवूची गरज काय, आणि उद्या कोणीही येऊन कोणाच्याही पोरीच्या तोंडाला कौलाचा तुकडा घासेल. पाच म्हातारे उठून गोठ्यामागे गेले. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बायकांना आंबील वाटली गेली. लाग्वेबूनेही घेतली.

निकाल असा. नवरी मातीने होत नाही, गोठ्याने होते. जिथे दोन्हीकडची माणसं जाणूनबुजून उभी आहेत, नवरीच्या हातात भाला किंवा भाल्यासारखं काही आहे आणि तिला आपण कशाला उभे आहोत हे ठाऊक आहे, ते लग्न. मग माती निम्मी असो. म्हणून झालेली सगळी लग्नं झालेली आहेत. बाजारातलं झालेलं नाही. गाई आजच परत हाकाव्यात, आणि मुलीच्या बापाने स्वतः हाकाव्यात. पण वीट विकणं ही चोरी आहे. लामासुकूने एक बकरी दंड द्यावी, आणि ज्या ज्या घरी पुडी गेली तिथे खरी माती घेऊन स्वतः जावं.

लाग्वेबूला दंड झाला नाही. तिच्याबद्दल निकालात एकच शब्द आहे, “गैरसमज.” तिच्या गाई तिला मिळाल्या, त्याही पाणी पाजून. फान्यानाचं नाव निकालात कुठेच नाही.

आणखी एक नोंद करायला हवी. पंचायत तीन तास दहा मिनिटं चालली. त्यात फुग्याचा रंग निघाला, पार्किंग निघालं, विटा कुठल्या दुकानाच्या तेही निघालं. तेंगेतिलेला एकच प्रश्न विचारला गेला, की तू रडलीस का. तुला हा माणूस हवा आहे का, हे पाच म्हाताऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही, तिच्या बापानेही नाही. ती सुटली ती नाही म्हणाली होती म्हणून नव्हे, तर आत्या भेसळ करत होती म्हणून. लामासुकू प्रामाणिक दुकानदार असती, डब्यात खरी माती ठेवत असती, तर तेंगेतिले आज ग्वेबूंची सून असती. आपल्या पंचांच्या शहाणपणाचं कौतुक करणाऱ्यांनी हे आधी पचवावं.

परत जाताना तेंगेतिलेने बापाला गाठलं. तो गाई हाकत होता.

“बाबा, तुम्ही थांबा. मी हाकते.”

“निकालात मी आहे.”

“तुम्ही मागून या. त्यांच्या दारात गेल्यावर पुन्हा पाणी पाजाल.”

सोमवारी पहाटे लामासुकू तीन तास चालून डोंगरापलीकडच्या खड्ड्यावर गेली. तिथे माती गडद आहे, खोलात आहे, पहारीने फोडावी लागते. विटांची पाटी तिने पोत्यासकट शेजाऱ्याच्या वाटेवरच्या खड्ड्यात ओतली. पुड्या गेलेली त्रेचाळीस घरं तिने आठवून काढली. कोणती नवरी कुठल्या घागऱ्यात गेली हे ती चुण्यांवरून सांगू शकते, तेव्हा यादी करायला कागद लागला नाही. सोमवारी आणि मंगळवारी दुपारनंतर मिळून सहा घरं झाली. दोन घरांत तिला आत घेतलं नाही. एका घरी सासूने माती घेतली आणि बशीत घासून बघितली, कारण बशीची गोष्ट तिच्या आधी पोचली होती. सहाव्या घरी सून एकटीच कपडे वाळत घालत होती. पंचवीस-सव्वीसची असेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

“माझी माती अर्धी होती?”

“अर्धी.”

“मग मी सुटले का?”

“नाही. कारभारी म्हणाला, गोठा मोजायचा.”

सुनेने पुडी हातात घेऊन तोलून पाहिली. “मग ही कशाला आणलीत?”

सुनेने पुडी परत केली आणि ओल्या चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी मिळून ती पिळली.

बाजारात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आहे. कांदेवाली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “घर बांधायचंय? विटा वरच्या रांगेत.” लामासुकू ऐकून घेते. नमुन्याचा डबा फळीवरच आहे, पण आता झाकण लावलेला, आणि झाकणावर तेंगेतिलेच्या अक्षरात एक ओळ आहे: “माती बघायची असेल तर स्वतःच्या हातावर बघा.” कोणाला बसता येऊ नये म्हणून स्टूल कडी-साखळीने वर टांगलं आहे. घागरा नेसून दाखवणं बंद झालं. चुण्या बघायच्या तर टांगलेल्या बघाव्या लागतात.

उद्या गुरुवार. गावातून पहिली कोंबी पाच पस्तीसला सुटते; ती फान्यानाची आहे, म्हणून दोघी सहा दहाच्या दुसऱ्या कोंबीने जातात. दुकान सातला उघडेल. आठला तेंगेतिले निघेल, कारण तिची ट्रकच्या परवान्याची परीक्षा सव्वानऊला आहे. पिसांची मोळी दहा चाळीसला स्टँडवर उतरेल; लामासुकू दुकानात एकटी असेल, म्हणून कोणी घ्यायला येईपर्यंत ती तिथेच पडून राहील.